तेजस्वी तारे, छोटी दुर्बीण

हिवाळ्यात नाशिकच्या आकाशात मृग नक्षत्र माथ्याजवळ येते, तेव्हा त्यातील तांबूस काक्षी शहराच्या झगमगाटातही सहज ओळखू येतो. २०१९ च्या अखेरीस हा तारा मंदावू लागला आणि फेब्रुवारी २०२० मध्ये त्याचा प्रकाश नेहमीच्या सुमारे एक-तृतीयांशावर आला. ताऱ्याने बाहेर टाकलेल्या वायूपासून बनलेल्या धुळीने तेज झाकले, असा निष्कर्ष पुढे निघाला. ही घट जगाच्या नजरेस आणली ती अमेरिकेतील गिनन आणि वासाटोनिक यांनी. त्यांच्यापाशी पंचवीस वर्षांच्या मोजमापांचा संग्रह होता, आणि तो छोट्या दुर्बिणीने जमवलेला होता!

यात नवल नाही. महाकाय दुर्बिणींची उपकरणे अशा ताऱ्यांच्या तेजाने दिपून जातात. शिवाय एकाच ताऱ्यासाठी रोजची रात्र देणे त्यांना परवडत नाही. छोट्या दुर्बिणीला मात्र वातावरणाशी झगडावे लागते. आरसा जितका लहान, तितकी ताऱ्याची लुकलुक मोजमापात अधिक उतरते. क्षितिजाकडे झुकलेल्या ताऱ्याचा प्रकाश हवेच्या जाड थरात क्षीण होतो. म्हणून अनेक मोजमापे घेऊन सरासरी काढावी लागते, प्रमाणित रंगगाळणी वापरावी लागते आणि शेजारच्या स्थिर तेजाच्या ताऱ्याशी आलटूनपालटून तुलना करावी लागते. एवढी शिस्त पाळली, तर तेजातील एखाद्या टक्क्याचा फरकही हाती लागतो.

महाराष्ट्राला ही विद्या परकी नाही. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये १८८८ साली भावनगरच्या महाराजांच्या साहाय्याने वेधशाळा उभी राहिली. तेथे कावसजी नायगमवालांनी वीस इंची दुर्बिणीने वेध घेतले. १९१२ मध्ये ते निवृत्त झाले, वेधशाळा बंद पडली आणि दुर्बीण कोडाईकनालला गेली. पुढे १९४४ साली पुण्यातच ज्योतिर्विद्या परिसंस्था स्थापन झाली आणि हौशी निरीक्षकांची परंपरा तिने जपली.

यातून घ्यायचा धडा स्पष्ट आहे. वेधशाळा एका व्यक्तीच्या खांद्यावर उभी असेल, तर त्या व्यक्तीबरोबरच ती संपते. नाशिकच्या एखाद्या महाविद्यालयाने एकच तारा निवडावा. पावसाळा सोडून निरभ्र रात्री त्याचे तेज मोजावे आणि नोंदवही दरवर्षी नव्या विद्यार्थ्यांच्या हाती द्यावी. पहिल्या वर्षी त्यातून काही निष्पन्न होणार नाही, कदाचित दहाव्याही नाही. पण काक्षी पुन्हा मंदावेल तेव्हा उपयोगी पडेल ती आदल्या दिवशी आणलेली दुर्बीण नव्हे, तर वर्षानुवर्षे भरत आलेली ती वही.