एकच काळा दगड, तीन रंगांच्या वाटा

चाळकेवाडीच्या पठारावर डांबरी रस्ता सोडून पवनचक्क्यांकडे जाणाऱ्या कच्च्या वाटेला लागलं, की चाकाखाली तांबडे, खरबरीत खडे येतात. त्याच सातारा जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, म्हसवडकडच्या एखाद्या पाणंदीत सायकल घातली, तर खाली करडा मुरूम लागतो आणि त्यात पांढरे चुनखडे. दोन्हीकडे ट्रक नाही, हॉर्न नाही, धूर नाही. पण मला थक्क करते ती वेगळीच गोष्ट: तांबडा खडा आणि करडा मुरूम, दोघांचा बाप एकच दगड आहे.

तो म्हणजे आपला काळा पाषाण, बेसाल्ट. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर पसरले आणि थिजले. महाबळेश्वरपासून पार जतपर्यंत जमीन उकरा, खाली तोच. मग वर इतके वेगळे रंग कुठून आले? ही सगळी करणी पाण्याची. कुठे ते भरपूर मिळालं, कुठे मिळालंच नाही.

उष्ण हवेत मुसळधार पाऊस लाखो वर्षं झिरपत राहिला, की दगडातला चुना, सोडा, पोटॅश आधी वाहून जातो. त्यानंतर सिलिकासुद्धा विरघळून निघून जाते. शेवटी उरतं ते सहसा न विरघळणारं लोखंड आणि ॲल्युमिनियम, ऑक्साइडच्या रूपात. हाच जांभा. त्याचा लाल रंग म्हणजे सरळ गंज. कासचा, पाचगणीच्या टेबललँडचा, चाळकेवाडीचा माथा याचाच आहे. आणि हा जांभा आजच्या पावसाने केलेला नाही. तो कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या दमट हवामानात तयार झाला. पुढे कृष्णा, कोयना, उरमोडी यांनी आजूबाजूचा प्रदेश कोरून खाली नेला, आणि जांभ्याचं कठीण कवच तेवढं माथ्यांवर राहून गेलं. चाळकेवाडीला सायकल चालवताना आपण एका हरवलेल्या जमिनीच्या उरलेल्या तुकड्यावरून जात असतो.

पूर्वेला याच्या उलट. महाबळेश्वराला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस. सरळ रेषेत जेमतेम सव्वाशे किलोमीटरवर म्हसवडला ५०० मिलिमीटर पडला तरी लोक समाधान मानतात. माण, आटपाडी, जत या पर्जन्यछायेत दगड कुजतो, पण अर्धवटच. त्याचा होतो मुरूम. दगडातून सुटलेला चुना वाहून न्यायला पाणीच पुरत नाही; ते उन्हाने वाफ होऊन उडतं आणि चुना जागच्या जागी गोळा होऊन त्याचे खडे बनतात. पश्चिमेला पाण्याने सिलिकाही ठेवली नाही, पूर्वेला साधा चुनाही नेला नाही. मध्ये कऱ्हाड, वाळवा, पलूस या पट्ट्यात कृष्णाकाठची काळी माती. ती पाणी प्यायली की फुगते. ओल असताना तिच्यात सायकल घातली, तर चाक आणि फोर्क यांच्यामध्ये चिखल ठासून बसतो आणि चाक फिरायचं थांबतं. कितीही भारी सायकल असो.

हे सगळं वाचण्यासाठी सायकलच का? कारण गाडीत सस्पेन्शन आणि काच मध्ये येते. ग्रॅव्हल बाइकवर मध्ये येतो फक्त टायर. ही सायकल रेसिंगच्या सायकलसारखी खाली वळलेल्या हँडलची, पण टायर ४० ते ५० मिलिमीटर रुंद आणि गिअर चढासाठी हलके. खरी किमया हवेच्या दाबात आहे. सायकल आणि स्वार मिळून ८० किलो धरू. टायरमध्ये दर चौरस सेंटिमीटरला ७ किलो दाब असेल, तर दोन्ही चाकं मिळून जमिनीला टेकतात सुमारे साडेअकरा चौरस सेंटिमीटर. दाब अडीच किलोवर आणला, की तेच क्षेत्र ३२ होतं. शिवाय कडक टायर प्रत्येक खड्यावर अख्ख्या माणसाला उचलतो आणि त्यात ताकद वाया जाते. मऊ टायर खडा पोटात घेऊन पुढे जातो. म्हणून मुरमावर हवा कमी केलेली सायकल नुसती सुखाची नाही, तर वेगवानही ठरते.

वाहनं नसण्याचा संबंध रस्त्याच्या तब्येतीशीही आहे. कच्च्या रस्त्यावर आडव्या, एकसारख्या लाटा उठलेल्या आपण पाहतो, हाडं खिळखिळी करणाऱ्या. निकोला ताबर्ले, स्टीफन मॉरिस आणि जिम मॅक्एलवेन या भौतिकशास्त्रज्ञांनी २००७ साली वाळूवर चाक फिरवून या लाटांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ठराविक वेगाच्या खाली चाक फिरवलं तर पृष्ठभाग सपाट राहतो. तो वेग ओलांडला की लाटा आपोआप उठतात, स्प्रिंग असो वा नसो. बैलगाडी चाकोरी पाडते, पण तिच्या संथ चालीने लाटा उठत नाहीत. जुन्या पाणंदी सायकलला इतक्या मानवतात, त्याचं एक कारण मला यात दिसतं.

या वाटा रिकाम्या राहिल्या त्याही आपापल्या कारणांनी. चाळकेवाडी, सडावाघापूर, वनकुसवडे इथले रस्ते पवनचक्क्यांसाठी कापले. लांबलचक पाती वाहून नेणाऱ्या ट्रेलरला तीव्र वळण चालत नाही, म्हणून वळणं ऐसपैस ठेवली. चक्की उभी राहिली आणि ट्रेलरचं काम संपलं. कृष्णा, आरफळ, ताकारी, म्हैसाळच्या कालव्यांचे सेवारस्ते पाण्याच्या देखरेखीसाठी आहेत आणि कालवा उतार अगदी हळूहळू घेतो, म्हणून काठची वाटही मैलोन्‌मैल जवळपास सपाट.

पठारावर उन्हाळ्यात गेलात, तर वाटेकडेच्या दगडांवर नजर ठेवा. गळ्याखाली निळा, काळा, नारिंगी पंखा उघडून बसलेला सरडा दिसेल. ‘सारडा सुपर्बा’ या नावाने २०१६ साली विज्ञानाला त्याची ओळख झाली, ती याच चाळकेवाडीच्या पठारावरून. प्रजातीच्या नावात चक्क आपला मराठी सरडा आहे. २०१८ मध्ये मारिया ठाकर आणि सहकाऱ्यांनी इथलाच अभ्यास मांडला: पवनचक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी जवळपास चौपट कमी, त्यामुळे सरडे जास्त, आणि माणसाला बरेच जवळ येऊ देणारे. चक्कीचं पातं शिकारी पक्ष्याला अडवतं आणि सरड्याचा स्वभाव बदलतो! आवाज न करता हळू जाणाऱ्या सायकलस्वाराला हे डोळ्यांनी पाहता येतं.

जगात अशा वाटांना मान मिळू लागला आहे. अमेरिकेत कॅन्सस राज्यातल्या एम्पोरिया गावात २००६ पासून गारगोटीच्या टोकदार खड्यांवरची शर्यत भरते. इटलीत टस्कनीच्या पांढऱ्या कच्च्या रस्त्यांवर डांबर पडू नये, म्हणून १९९७ साली ‘लेरोइका’ ही सायकलफेरी सुरू झाली आणि ते रस्ते वाचले. २०२२ मध्ये पहिली ग्रॅव्हल जागतिक अजिंक्यपद स्पर्धा इटलीतच झाली. ऊस बाहेर काढायला पक्का रस्ता मागणाऱ्या शेतकऱ्याचा हक्क मला पूर्ण मान्य आहे. पण पठारावरच्या तांबड्या वाटांवर डांबर ओतण्यात कुणाचंच भलं नाही.

जायचं असेल तर पाऊस ओसरल्यावर, वाफसा झाल्यावर जा. पूर्वेला बाभळीच्या काट्यांसाठी ट्यूब जास्तीची ठेवा. कालव्याच्या कडेने जपून चालवा. कोयना आणि चांदोलीचं जंगल २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहे. तिथे वनखात्याच्या परवानगीशिवाय चाक घालू नका. आणि कास-चाळकेवाडीला, कितीही मोह झाला तरी, मळलेली वाट सोडू नका: जांभ्यावर माती असते काही बोटांची, आणि जगात फक्त या भागातल्या पठारांवर उगवणारा वायतुरा त्या मातीत कंद धरून पुढच्या पावसाची वाट पाहत असतो.