जुना वादक, नवी बैठक

ज्या लहानशा चौकटींतून एकेकाळीं घरोघरीं गाणीं वाजत, ती आजच्या संगणकावर पुन्हां उघडतां येईल काय, असा प्रश्न पुष्कळांच्या मनांत येतो. विनॅम्प हा वादक-प्रोग्राम १९९७ सालीं विंडोजसाठीं निघाला. त्याची मुख्य खिडकी अवघी २७५ बिंदु रुंद व ११६ बिंदु उंच; तींत हिरवे आंकडे चमकत आणि सुरांच्या चढउतारासरशीं इवले खांब नाचत. त्याच्याच धर्तीवर लिनक्ससाठीं एक्सएमएमएस हा वादक तयार झाला.

आज बहुतेक लिनक्स-प्रणालींत एक्सएमएमएस आयता मिळत नाहीं, तो झिजला म्हणून नव्हे. प्रोग्रामला गंज चढत नाहीं. परंतु तो एकटाही जगत नाहीं. खिडकी रेखाटण्यासाठीं एक्सएमएमएस जीटीकेच्या पहिल्या पिढीवर विसंबून होता. ती पिढी मागें पडली आणि तिच्याबरोबर तोही मागें पडला.

यावर दोन उपाय आहेत. पहिला दुभाष्याचा. १९९३ सालीं सुरू झालेला वाइन हा प्रकल्प, प्रोग्रामनें विंडोजकडे केलेल्या मागण्या लिनक्सला समजतील अशा रूपांत पोंचवितो. त्यामुळें विनॅम्पची जुनी प्रत लिनक्सवरही चालवितां येते. मात्र तिला जोडलेला एखादा पूरक भाग क्वचित् अडून बसतो. दुसरा उपाय वंशजाचा. एक्सएमएमएसची मूळ संहिता सर्वांस खुली होती. तिच्यापासून बीप मीडिया प्लेअर झाला आणि त्याच्यापासून २००५ सालीं ऑडेशस. त्याचें अंग नवें आहे. तरी विनॅम्प-पद्धतीची मांडणी निवडल्यास जुन्या विनॅम्पचे वेश, म्हणजे स्किन, त्याला चढवितां येतात. कारण हे वेश म्हणजे एका झिप गठ्ठ्यांत बांधलेलीं साधीं चित्रें होत.

एक गोष्ट मात्र दोन्ही उपायांत विसरूं नये. गाणीं शाबूत असलीं तरी कोणीं हौसेनें लावलेला त्यांचा क्रम पुष्कळदां मुका होतो. एम३यू या प्रकारच्या यादींत गाण्याचा ठावठिकाणा लिहिलेला असतो, आणि विंडोजमधील 'सी' वा 'डी' हीं घरें लिनक्सला ओळखूं येत नाहींत. सुदैवानें ही यादी साध्या अक्षरांत असते. कोणत्याही लेखन-प्रोग्रामांत ती उघडावी, जुन्या पत्त्यांच्या जागीं नवे घालावे, उलट्या तिरप्या रेघा सुलट कराव्या. आधीं एक नक्कल मात्र ठेवावी. गाणें दुसरीकडूनही मिळेल. घरांतल्या कोणीं लावलेला क्रम दुसरीकडे कोठेंच मिळत नाहीं.