उंच गाडी, रोजचा रस्ता

हिमालयनसारखी गाडी सोसायटीच्या पार्किंगमध्ये लागली की वॉचमनपासून वरच्या मजल्यावरच्या काकांपर्यंत सगळे दोनच प्रश्न विचारतात. ‘ॲव्हरेज काय देते?’ आणि ‘पाय पुरतात का?’ पहिल्याचं उत्तर एका आकड्यात संपतं. दुसऱ्याचं संपत नाही.

तरी आधी आकडेच बघू. स्प्लेंडरची सीट जमिनीपासून ७८५ मिलिमीटरवर, रॉयल एनफिल्ड क्लासिक ३५० ची ८०५ वर आणि २०२३ च्या नोव्हेंबरात आलेल्या हिमालयन ४५० ची ८२५ वर. क्लासिक आणि हिमालयनमध्ये जेमतेम बोटभर फरक. पण क्लासिकवर बिनधास्त टांग टाकणारा माणूस हिमालयनवर बसला की एकदा खाली वाकून बघतोच. याचं कारण सीटच्या उंचीपेक्षा सीटच्या रुंदीत आहे. सीट मागे रुंद आणि टाकीकडे निमुळती असते. मागे सरकून बसलात तर मांड्या फाकतात आणि पायाची लांबी आडवी खर्च होते. उलट पुढे सरकून टाकीला खेटून बसलात की तोच पाय दोन बोटं जास्त खाली जातो. माणसाची उंचीही फसवी असते. पाच फूट आठ इंचांच्या दोघांमध्ये जांघेपासून टाचेपर्यंतची लांबी वेगळी असू शकते, आणि गाडीला मतलब तेवढ्याशीच.

आता ही उंची आली कुठून? ती ऐट म्हणून दिलेली नाही. हिमालयन ४५० चं पुढचं चाक खड्ड्यादगडावर २०० मिलिमीटर वर-खाली होऊ शकतं, मागचंही तेवढंच. क्लासिकचं पुढचं चाक १३० होतं. चाकाला वर यायला जागा हवी, तर गाडीचं पोट त्या मानानं वर घ्यावं लागतं. म्हणून हिमालयनच्या पोटाखाली २३० मिलिमीटर मोकळे, क्लासिकच्या खाली १७०. वर पुढचं चाक २१ इंचांचं, कारण मोठं चाक खड्ड्यात कमी पडतं आणि दगडावर सहज चढतं. हा ढाचा मोठ्या कंपन्यांमध्ये रुजला तो १९८० साली बीएमडब्ल्यूनं आर ८० जी/एस काढली तेव्हापासून. पुढच्याच वर्षी त्या गाडीनं पॅरिस-डाकार शर्यत जिंकली आणि वाळवंटासाठीची उंची शहरातल्या सिग्नलवर येऊन उभी राहिली. रोजच्या वापरातली जवळजवळ प्रत्येक खोड या एकाच गोष्टीतून निघते: चाकांना भरपूर हालचाल हवी, म्हणून गाडीचं वजन वर गेलं.

हिमालयनचं वजन १९६ किलो. क्लासिकचंही त्याच घरातलं, जवळपास १९५. पण हिमालयनच्या टाकीत १७ लिटर पेट्रोल बसतं, म्हणजे साधारण साडेबारा किलो, आणि ते गुडघ्यांच्या वर. गाडी सरळ आहे तोवर हे वजन जाणवतच नाही. थोडी कलली की एकदम जाणवतं. ठरावीक कोनापर्यंत एका मांडीनं गाडी पेलते आणि त्या पलीकडे गेली की पैलवानालाही पेलत नाही. म्हणून टाकी फुल्ल केल्यावर पंपावरून निघतानाची पहिली वळणं जरा सावकाश घ्यावीत.

थांबण्याची एक पद्धत आहे. दोन्ही पायांचे चवडे टेकून तोल सांभाळत बसण्यापेक्षा एक पाय पूर्ण, टाचेसकट टेकावा. त्यासाठी थांबता थांबताच बूड थोडं डावीकडे सरकवायचं. उजवा पाय मागच्या ब्रेकवर राहतो, त्यामुळे चढावरही गाडी मागे घसरत नाही. आता खरी गंमत बघा. आपले रस्ते मध्ये उंच आणि कडेला उतरते असतात, पाणी वाहून जावं म्हणून. आपण डावीकडून चालवतो, म्हणजे रस्त्याच्या डाव्या कडेला थांबलं की नेमकी डाव्या पायाखालचीच जमीन खाली गेलेली असते. त्यात पावसाळ्यात डांबर आणि साइडपट्टी यांच्यात चार बोटांचा खड्डा. उंच गाडीवाले सिग्नलच्या आधीच खालची जमीन वाचायला लागतात, ते याचसाठी. चाक कुठे थांबणार यापेक्षा पाय कुठे पडणार हे आधी ठरवायचं.

यू-टर्न हे दुसरं नाजूक प्रकरण. उंच गाड्या पडतात त्या बहुधा वेगात नाही, चालण्याच्या वेगात पडतात आणि त्यातल्या बऱ्याच हँडल वळलेलं असताना पुढचा ब्रेक दाबल्यामुळे. लांब फोर्क ब्रेकसरशी खाली बसतो, वळलेलं चाक आत दुमडतं आणि वरचं वजन त्याच बाजूला कलंडतं. अरुंद गल्लीत वळताना पुढच्या ब्रेकवरून बोटं काढूनच टाका. क्लच अर्धा सोडलेला, रेस एकसारखी, मागचा ब्रेक हलका दाबलेला आणि नजर जिथे जायचंय तिथे. नजर गटाराकडे राहिली तर गाडीही गटाराकडेच जाते.

पार्किंगचं सांगायचं तर दोनच नियम. उतारावर तोंड खाली करून साइड स्टँडवर लावू नका. लावावीच लागली तर पहिल्या गिअरमध्ये ठेवा, नाहीतर गाडी पुढे सरकते आणि स्टँड मिटतो. कोकणातल्या ओल्या लाल मातीत स्टँडच्या पायाखाली चपटा दगड ठेवा. तिथे संध्याकाळी सरळ दिसलेली गाडी सकाळी आडवी सापडते. गाडी हातानं मागे घ्यायची असेल तर डाव्या बाजूला उभं राहून तिला कमरेवर किंचित रेलू द्यायचं. पलीकडे उजवीकडे कलली की धरायला तिथे कोणी नसतं.

आता चेन. इथे जरा थांबायला हवं, कारण उंच गाडीचं सर्वांत जास्त नुकसान चेन घट्ट केल्यानं होतं आणि करणाऱ्याला वाटतं आपण काळजी घेतली. मागचं चाक ज्या दांड्याला, म्हणजे स्विंगआर्मला धरलेलं असतं, तो गाडीच्या मध्याजवळच्या एका बिजागरीभोवती वर-खाली फिरतो. चेनचं पुढचं चक्र मात्र त्या बिजागरीच्या थोडं पुढे असतं. त्यामुळे चाक वर-खाली होताना पुढचं आणि मागचं चक्र यांच्यातलं अंतर बदलत राहतं. पुढचं चक्र, बिजागरी आणि मागचा आस एका रेषेत आले की ते अंतर सर्वांत जास्त, आणि चेन सर्वांत ताठ. जेवढी चाकाची हालचाल जास्त, तेवढा हा फरक मोठा. स्टँडवर उभ्या गाडीची चेन बोटानं वर-खाली केली तर हिमालयनची स्प्लेंडरपेक्षा सैल लागते. तशीच ती लागायला हवी. गल्लीतला मेकॅनिक ती बघतो, ‘चेन लोंबतेय’ म्हणतो आणि दोन आटे आवळून देतो. मग मागे माणूस बसला आणि गाडी गतिरोधकावर आदळली की चेनला ताणायला जागाच उरत नाही. तो सगळा ओढा गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर आणि चक्रांच्या दातांवर जातो. गाडीच्या पुस्तिकेत सैलपणाचा आकडा आणि तो कुठल्या स्टँडवर मोजायचा हे दोन्ही दिलेलं असतं. पट्टी घेऊन, चाक फिरवत तीन-चार ठिकाणी मोजा आणि सर्वांत ताठ जागी तो आकडा धरा.

मागे माणूस बसणार असेल तर चढण्याआधी त्यानं सांगायचं आणि तुम्ही दोन्ही पाय रोवून ‘हं’ म्हटल्याशिवाय चढायचं नाही. डावा पाय फूटरेस्टवर ठेवून, घोड्यावर चढावं तसं चढायचं. साडी नेसून एका बाजूला बसणं मागे सामानाच्या पेट्या असताना जमत नाही, हे घरी आधीच स्पष्ट केलेलं बरं. दोघं बसले की मागची बाजू खाली जाते, पुढची वर होते आणि हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातो. रात्री समोरून येणारे सारखे डिपर मारायला लागले तर दोष त्यांचा नाही. मागच्या शॉकअपवरचा प्रीलोड वाढवायचा. एक गैरसमज मात्र काढून टाका. प्रीलोड वाढवल्यानं स्प्रिंग कडक होत नाही. ती आधीपासून थोडी दाबून ठेवली जाते, म्हणून वजन पडल्यावर गाडी कमी खाली बसते, इतकंच. साधारण हिशेब असा की नेहमीच्या वजनासकट चाकाच्या एकूण हालचालीतला तिसरा हिस्सा खर्च व्हावा. दोन तृतीयांश खड्ड्यांसाठी राखून ठेवायचा.

वाऱ्याचंही ऐका. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकीला बंदी आहे, पण वारा जुन्या महामार्गावरही पुरेसा असतो, आणि साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या उगीच उभ्या केलेल्या नाहीत. तिथे उंच गाडी आडव्या वाऱ्यानं हलते तेव्हा हँडल घट्ट धरू नका. गुडघ्यांनी टाकी धरा आणि हात सैल सोडा. हेल्मेटमधल्या घोंघावण्याला बहुतेक जण मोठी काच लावून उत्तर देतात. पण आवाज वाऱ्याचा नसून काचेच्या कडेवरून फुटणाऱ्या वाऱ्याचा असतो. मोकळ्या रस्त्यावर फूटरेस्टवर थोडं उभं राहून बघा. आवाज कमी झाला तर तुम्हाला काच आणखी मोठी नाही, छोटी हवी आहे.

एवढं सगळं ऐकून बरेच जण गाडी खाली करायला निघतात. मागच्या शॉकअपचे दुवे बदलून गाडी इंचभर खाली आणणारे भाग बाजारात मिळतात. माझं मत त्याच्या विरुद्ध आहे. मागची बाजू खाली गेली आणि पुढचा फोर्क तसाच राहिला तर हँडल जड होतं. पोटाखालची जागा जाते. आणि साइड स्टँड तेवढाच राहिल्यानं गाडी त्यावर जवळजवळ सरळ उभी राहते, मग कोणाचा धक्का लागला की उजवीकडे कोसळते. ज्या हालचालीसाठी पैसे मोजले तीच कापून टाकायची, वर स्टँडही कापून घ्यायचा. त्यापेक्षा हिमालयनसाठी ८०५ मिलिमीटरची कमी उंचीची सीट कंपनीचीच मिळते ती घ्या, किंवा आहे त्या सीटचा फोम पुढच्या कडांना तासून घ्या. जाड तळव्याचे बूटही बोटभर उंची देतात.

आणि पडली तर? आधी इंजिन बंद. उजवीकडे पडली असेल तर साइड स्टँड आधीच बाहेर काढून ठेवा, नाहीतर उचललेली गाडी पलीकडे जाईल. गिअरमध्ये असू द्या, म्हणजे घरंगळणार नाही. हँडल जमिनीच्या बाजूला पूर्ण वळवा, गाडीकडे पाठ करून सीटला कंबर टेकवा, एक हात हँडलला, दुसरा मागच्या पकडीला, आणि छोटी पावलं टाकत मागे मागे चाला. जोर मांड्यांचा लावायचा, पाठीचा नाही. वाकून समोरून उचलायला जाणारे दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडे असतात.

घ्यायचा विचार असेल तर शोरूममध्ये चपला घालून जाऊ नका, रोजचे बूट घाला. समोरच्या सरळ रस्त्यावरची चक्कर काहीच सांगत नाही. गल्लीत वळवून बघा, घरच्या माणसाला मागे बसवून थांबा, हातानं मागे ढकलून बघा. रोजचा रस्ता घर ते ऑफिस एवढाच आणि तोही गुळगुळीत असेल, तर ही गाडी घेऊ नका. स्प्लेंडर तेच काम निम्म्याहून कमी पैशांत करते.