घोडी गाभण राहत नसेल तर

शर्यतीची घोडी पैदाशीला ठेवली, दोन-तीनदा भरवली, तरी गाभण राहिली नाही, म्हणून तिला लगेच वांझ ठरवू नका. कोल्हापुरात घोडागाडीच्या शर्यतींमुळे हा प्रश्न अनेकांपुढे येतो. माज साधारण 5 ते 7 दिवस टिकतो, पण बीज सुटते ते माज संपण्याच्या 1-2 दिवस आधी. पहिल्याच दिवशी भरवून थांबलात, तर वेळ चुकते. सोनोग्राफीत नेमकी वेळ कळते. गर्भाशयात पाणी दिसले, तर स्रावाचा नमुना तपासून घ्या. त्याआधी अँटिबायोटिक दिले, तर जंतू सापडायचे नाहीत. सलाइनने गर्भाशय धुणे आणि ऑक्सिटोसिन यांनी बऱ्याच घोड्यांना गुण येतो, मात्र हे डॉक्टरांच्याच हातून. घोड्याचे वीर्यही तपासा. बीज सुटल्यापासून 14-16 दिवसांनी पुन्हा सोनोग्राफी कराच: जुळे असेल, तर एक गर्भ तेव्हाच काढता येतो. दोन्ही राहिले, तर बहुतेकदा गर्भपात होतो.