डेली फँटसी बेसबॉल: टीम निवडण्यामागचं गणित, आणि ते कोणाच्या बाजूनं आहे?

ड्रीम११ वर कधी टीम बनवली असेल, तर १०० क्रेडिटमध्ये ११ खेळाडू बसवतानाची ओढाताण तुम्हाला माहीतच असेल. दोन मोठे स्टार घेतले की बाकीच्या जागांसाठी क्रेडिट पुरत नाहीत. अमेरिकेत हाच खेळ बेसबॉलवर चालतो आणि त्याला डेली फँटसी बेसबॉल म्हणतात. तिथल्या मेजर लीग बेसबॉलमध्ये ३० संघ आहेत आणि सीझनमध्ये प्रत्येक संघ १६२ सामने खेळतो. म्हणजे सहा महिने जवळपास रोज सामने, आणि रोज नवी टीम.

या खेळात जिंकायला नेमकं काय लागतं? बेसबॉलचं ज्ञान, नशीब, की कोडिंग? उत्तर थोडं अनपेक्षित आहे. चला, एकेक पायरी बघू.

आधी नियम

ड्राफ्टकिंग्ज आणि फॅनड्युएल ही या क्षेत्रातली दोन मोठी नावं. आपण ड्राफ्टकिंग्जचा क्लासिक प्रकार घेऊ. तुम्हाला ५०,००० डॉलरचं खोटं बजेट मिळतं. त्यात १० खेळाडू घ्यायचे: २ पिचर, १ कॅचर, पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसचा प्रत्येकी एक, १ शॉर्टस्टॉप आणि ३ आउटफिल्डर. म्हणजे सरासरी एका खेळाडूमागे ५,००० डॉलर. एकाच संघाचे जास्तीत जास्त ५ बॅटर चालतात.

पॉइंट असे: सिंगलला ३, डबलला ५, ट्रिपलला ८, होम रनला १०. धाव काढली की २, दुसऱ्याची धाव घडवून आणली की २, वॉक मिळाला की २ आणि बेस चोरला की ५.

एक खरं उदाहरण घ्या. १९ सप्टेंबर २०२४ ला मायामीत शोहेई ओतानीनं ३ होम रन, २ डबल आणि १ सिंगल मारला, २ बेस चोरले, १० धावा घडवल्या आणि स्वतः ४ काढल्या. हिशेब करा: ३० + १० + ३ + १० + २० + ८ = ८१ पॉइंट! पण अशी रात्र एखाद्या खेळाडूच्या आयुष्यात एखादीच येते. तिच्या भरवशावर रोजची टीम बनत नाही.

पिचर: सगळ्यात भरवशाची जागा

पिचर म्हणजे आपला बोलर, पण सुरुवातीचा पिचर एकटाच पाच-सहा इनिंग टाकतो. त्यामुळे त्याच्या हातात बरंच काही असतं. त्याला प्रत्येक आउटला ०.७५, स्ट्राइकआउटला आणखी २ आणि विजयाचे ४ पॉइंट मिळतात. त्याच्या नावावर लागलेल्या प्रत्येक धावेला २ पॉइंट कापले जातात, प्रत्येक हिट आणि वॉकला ०.६.

समजा, दोन पिचरनी सारखेच ६ इनिंग टाकले. दोघांनीही ५ हिट, २ वॉक आणि २ धावा दिल्या, आणि दोघेही जिंकले. फरक एवढाच की एकानं ७ स्ट्राइकआउट काढले, दुसऱ्यानं ३. पहिल्याला २३.३ पॉइंट, दुसऱ्याला १५.३. पेपरात दोघांचं कौतुक सारखंच होईल, पण तुमच्या टीमसाठी पहिलाच हवा. म्हणून पिचर बघताना “किती सामने जिंकला” यापेक्षा “किती स्ट्राइकआउट काढतो” हे आधी बघतात. समोरचा संघ वारंवार स्ट्राइकआउट होणारा असेल तर दुधात साखर.

बॅटर: नाव नाही, संधी बघा

बेसबॉलमध्ये बॅटर आउट झाला म्हणजे त्याचा दिवस संपला असं नसतं. नऊ जण ठरलेल्या क्रमानं पुन्हा पुन्हा बॅटिंगला येतात. म्हणून चार गोष्टी तपासायच्या.

पहिली, क्रम. पहिल्या नंबरवर खेळणाऱ्याला नवव्यापेक्षा सामन्यामागे सरासरी जवळपास एक पाळी जास्त मिळते. दोन खेळाडू सारख्याच किमतीचे असतील तर वरच्या क्रमाचा घ्यावा. आणखी एक बारीक मुद्दा: यजमान संघ पुढे असेल तर तो नवव्या इनिंगमध्ये बॅटिंगच करत नाही. पाहुण्या संघाला मात्र नऊही इनिंग मिळतात.

दुसरी, हात. डावखुऱ्या बॅटरला उजव्या हाताचा पिचर सहसा सोपा जातो आणि उजव्या बॅटरला डावखुरा. क्रिकेटमध्ये बाहेर वळणारा चेंडू खेळणं अवघड जातं ना, तसंच हे. आयपीएलमधल्या मॅचअपच्या चर्चा ऐकल्या असतील तर हे लगेच पटेल.

तिसरी, मैदान. डेन्व्हरचं कूर्स फील्ड समुद्रसपाटीपासून सुमारे १,६०० मीटर उंचीवर आहे. तिथे हवा विरळ असल्यानं बॉल लांब जातो आणि वळतोही कमी. शिकागोच्या रिगली फील्डवर वारा बाहेरच्या दिशेनं आहे की आतल्या, यावर त्या दिवसाचा अंदाज बदलतो.

चौथी, पाऊस आणि अंतिम यादी. सामना रद्द झाला किंवा खेळाडूला विश्रांती दिली, तर तुमच्या खात्यात शून्य. अंतिम बॅटिंग क्रम सामन्याच्या काही तास आधी जाहीर होतो. आपल्याकडे हा प्रकार मध्यरात्री चालतो, कारण न्यूयॉर्कमधला उन्हाळ्यातला संध्याकाळी सातचा सामना भारतात पहाटे साडेचारला सुरू होतो.

यानंतर किंमत बघायची. ६,००० डॉलरचा खेळाडू १० पॉइंट देईल असा अंदाज असेल, तर हजार डॉलरमागे १.६७ पॉइंट पडतात. ३,००० डॉलरचा खेळाडू ७ देईल असं वाटत असेल, तर हजारामागे २.३३. दुसऱ्याला घेऊन वाचलेल्या ३,००० डॉलरमध्ये चांगला पिचर बसू शकतो.

स्टॅकिंग: एकाच संघाचे चार-पाच जण का?

नवख्याला वाटतं, वेगवेगळ्या संघांतले चांगले खेळाडू घेऊ, धोका विभागला जाईल. मोठ्या स्पर्धेत अनुभवी लोक उलट करतात. ते एकाच संघाचे क्रमानं येणारे चार-पाच बॅटर घेतात.

कारण असं. तिन्ही बेसवर खेळाडू आहेत आणि चौथ्यानं होम रन मारला. त्याला होम रनचे १०, घडवलेल्या चार धावांचे ८ आणि स्वतःच्या धावेचे २, म्हणजे २० पॉइंट. बाकी तिघांना धावेचे दोन-दोन. चौघेही तुमच्याकडे असतील तर एका फटक्यात २६. पॉइंट एकमेकांना चिकटून येतात, संख्याशास्त्रात याला कोरिलेशन म्हणतात. याच कारणानं आपल्या पिचरच्या विरुद्ध खेळणारा बॅटर घेत नाहीत. एकाचा फायदा तो दुसऱ्याचा तोटा.

अर्थात, तो संघ ढेपाळला तर तुमची अख्खी टीम झोपते. जिथे निम्म्या लोकांना बक्षीस मिळतं, तिथे स्थिर टीम चालते. जिथे हजारोंतून वरच्या काहींनाच मोठी रक्कम मिळते, तिथे स्टॅक लागतो. शिवाय सगळ्यांनी घेतलेलेच खेळाडू तुम्हीही घेतलेत, तर ते चालले तरी तुम्ही गर्दीतच राहता. कूर्स फील्डचे बॅटर अनेकदा असेच सगळ्यांच्या टीममध्ये असतात.

मग कॉम्प्युटर काय करतो?

इंजिनिअरिंगला नॅपसॅक प्रॉब्लेम शिकला असाल: पिशवीची वजन पेलण्याची मर्यादा ठरलेली, वस्तूंचं वजन आणि मोल वेगवेगळं, जास्तीत जास्त मोल कसं भरायचं? इथे वजन म्हणजे किंमत आणि मोल म्हणजे अपेक्षित पॉइंट. प्रत्येक खेळाडूला ० किंवा १ द्यायचा, एकूण किंमत ५०,००० च्या आत ठेवायची, जागांच्या अटी घालायच्या. पायथॉनमधल्या पल्प लायब्ररीनं छोटासा कोड लिहून हे सुटतं, आणि उत्तर क्षणात येतं.

पण हे उत्तर कोणालाही मिळतं. खरी मेख अपेक्षित पॉइंटच्या आकड्यात आहे. अंदाज चुकीचा असेल तर कॉम्प्युटर चुकीचीच टीम अगदी अचूकपणे काढून देतो.

एका रात्रीत कौशल्य दिसत नाही

आता महत्त्वाचा भाग. बेसबॉलमध्ये .३०० सरासरीचा बॅटर म्हणजे मोठा माणूस, .२५० चा साधारण. एका सामन्यात दोघांनाही चार संधी मिळाल्या असं धरू. पहिल्याला एकही हिट न मिळण्याची शक्यता ०.७ चा चौथा घात, म्हणजे २४ टक्के. दुसऱ्याची सुमारे ३२ टक्के. स्टार आणि साधारण खेळाडूत एका रात्रीपुरता फरक एवढाच! म्हणूनच “या पिचरविरुद्ध याचे १० पैकी ५ हिट आहेत” असल्या छोट्या आकड्यांवर विसंबू नये.

याचा अर्थ कौशल्य नाही असा नाही. ते आहे, पण शेकडो रात्रींनंतर दिसतं. आणि तोपर्यंत साइटचा वाटा कापला जात असतो. समजा १०० जणांनी १० डॉलर भरले, साइटनं १०० डॉलर ठेवले आणि वरच्या ५० जणांना १८-१८ डॉलर दिले. नुसतं बरोबरीत राहायला तुम्हाला १०० पैकी ५६ वेळा जिंकावं लागेल. निम्म्या वेळा जिंकणारा माणूसही हळूहळू रिकामा होतो.

मग पैसा जातो कुठे? २०१५ च्या बेसबॉल सीझनच्या पहिल्या अर्ध्या भागाचा मॅकिन्सीच्या लोकांनी अभ्यास केला होता. खेळाडूंच्या एकूण नफ्यापैकी ९१ टक्के नफा फक्त १.३ टक्के लोकांकडे गेला होता. या लोकांकडे मॉडेल असतं, सॉफ्टवेअर असतं आणि भांडवल असतं. मोठ्या स्पर्धेत एक माणूस १५० पर्यंत टीम उतरवू शकतो. मोबाइलवर दहा मिनिटांत एक टीम बनवणारा त्यांच्यासमोर बसलेला असतो. “कौशल्याचा खेळ” हे वाक्य खोटं नाही, पण कोणाचं कौशल्य, हे विचारायला हवं.

भारतात काय?

२०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याला २२ ऑगस्ट २०२५ ला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन गेम चालवणं, त्यांची जाहिरात करणं आणि त्यांचे व्यवहार हाताळणं यावर त्यात बंदी आहे, मग गेम कौशल्याचा असो वा नशिबाचा. ड्रीम११ नंही पैशांच्या स्पर्धा त्यानंतर बंद केल्या. अमेरिकेत शिकायला किंवा नोकरीला असाल, तर तिथे नियम आणि किमान वय राज्यानुसार बदलतं.

पण डोकं लावायला पैसे लागत नाहीत. एमएलबीचा स्टॅटकास्ट डेटा सगळ्यांसाठी मोफत खुला आहे. एक महिना रोज फक्त कागदावर टीम बनवा, आपला अंदाज आणि खरे पॉइंट एका शीटमध्ये लिहा. आपल्या अंदाजात आणि नशिबात किती अंतर आहे, हे महिनाअखेरीस तुमचीच शीट सांगेल. रेझ्युमेवर लिहायला एक चांगला डेटा प्रोजेक्टही तयार होईल, आणि खिशातून एक रुपयाही जाणार नाही.