बर्फाच्या वाळवंटातील उकळता ठेवा

जानेवारीत लडाखच्या चांगथांग पठारावर रात्रीचा पारा उणे तीस अंशांच्या आसपास घसरतो. ओढे गोठतात, वाटा बंद होतात आणि माणसाच्या जगण्याचा सारा हिशेब एकाच गोष्टीभोवती फिरू लागतो : ऊब. याच पठारावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ४,४०० मीटर उंचीवर, पुगा नावाचे खोरे आहे. लांबी सुमारे पंधरा किलोमीटर, रुंदी जेमतेम एक. येथे भर हिवाळ्यातही जमिनीतून वाफा निघतात, चिखल खदखदतो आणि काही झऱ्यांचे पाणी ८४ अंश सेल्सिअसपर्यंत तापलेले असते. एवढ्या उंचीवर पाणी उकळतेच मुळी त्या तापमानाला!

म्हणजे ऊब पायाखालीच आहे, आणि ते आपल्याला ठाऊक होऊनही पन्नास वर्षे उलटून गेली. या काळात पुगाची वाफ आकाशात विरत राहिली. असे का झाले आणि आता काय व्हावे, हे समजून घेण्यासाठी आधी त्या वाफेखालची चूल पाहायला हवी.

दोन भूखंडांची शिवण

गरम पाण्याचे झरे आपल्याला नवे नाहीत. वज्रेश्वरी, तुरळ, उन्हवरे ही नावे घरोघरी माहीत आहेत. राजापूरजवळच्या झऱ्याच्या गावाचे तर नावच उन्हाळे. पुगाची कहाणी मात्र हिमालयाच्या जन्माशी जोडलेली आहे.

सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वी उत्तरेकडे सरकणारा भारतीय भूखंड आशियाला भिडला आणि मधला टेथिस समुद्र मिटला. दोन भूखंड जेथे जोडले गेले, ती शिवण आज लडाखमध्ये सिंधूच्या खोऱ्यालगत दिसते. पुगा या शिवणीच्या लगेच दक्षिणेला आहे. या धडकेत भारतीय भूखंडाची कड किती खोल रेटली गेली, याचा पुरावा शेजारच्याच त्सो मोरिरी परिसरात मिळाला. डेहराडूनच्या वाडिया हिमालय भूविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी २००१ मध्ये तेथील खडकांत कोएसाइट या खनिजाची नोंद केली. साधारण नव्वद किलोमीटर खोलीवर असतो तेवढा दाब असल्याखेरीज हे खनिज तयार होत नाही. म्हणजे हे खडक पृथ्वीच्या पोटात तेवढे खाली जाऊन पुन्हा वर आले आहेत.

पुगात ज्वालामुखी नाही. पण येथील भूकवच जाड आणि तापलेले आहे. खोलवर अंशतः वितळलेला ग्रॅनाइट असावा, असा शास्त्रज्ञांचा तर्क आहे. खोऱ्याच्या पूर्वेला आणि पश्चिमेला खडकांना चिरत जाणारे मोठे भ्रंश आहेत. डोंगरावरचे वितळलेले बर्फ भेगांतून खाली झिरपते, तापते आणि पुन्हा वर चढते. वर हिमनद्यांनी आणून टाकलेल्या दगडगोट्यांच्या थरात ते खनिजे सोडते, त्यामुळे ते गोटे सिमेंटने सांधल्यासारखे घट्ट होतात. पृष्ठभागावर टाकणखार आणि गंधक साचतात. एके काळी पुगाची ओळख होती ती याच दोन पदार्थांमुळे.

वाफ आली, पुढे काय?

१९७३ पासून जिऑलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियाने येथे पद्धतशीर शोध सुरू केला. विरळ हवेत आणि वर्षातील मोजके महिनेच काम करता येईल अशा जागी ३४ विंधन विवरे खोदली गेली. सर्वांत खोल विवर ३८५ मीटरचे. त्यांतील १७ विवरांतून वाफ आणि गरम पाणी आपोआप उसळले. सगळे मिळून ताशी सुमारे १९० टन. सर्वाधिक तापमान १४० अंशांपर्यंत मोजले गेले. पाण्यातील क्षारांच्या प्रमाणावरून केलेले गणित सांगते, की आणखी खाली ते अडीचशे अंशांच्या घरात असावे. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेने विद्युतचुंबकीय पद्धतीने केलेल्या पाहणीतही सुमारे दोन किलोमीटर खोलीवर तप्त पट्टा असल्याच्या खुणा मिळाल्या.

किती वीज निघेल? अंदाज काही मेगावॅटपासून शंभर मेगावॅटच्या पलीकडे जातात. खरे उत्तर खोल विहिरीच देतील. त्या खोदायच्या तर अवजड यंत्रे सीमेजवळच्या दुर्गम मुलुखात न्यायची, गरम पाण्यातील क्षारांनी नळ्या चोंदतात त्यावर उपाय करायचा, आणि मूठभर वस्तीसाठी विजेच्या तारा ओढायच्या. हिशेबाच्या वहीत हे कधीच बसले नाही. याच हिमालयी पट्ट्यात, तिबेटमधील यांगबाजिंग येथे, १९७७ मध्ये एक मेगावॅटचे जनित्र सुरू झाले. पुढे ते केंद्र सुमारे २५ मेगावॅटपर्यंत वाढले आणि ल्हासाला वीज देऊ लागले. त्याची उंचीही पुगाएवढीच, ४,३०० मीटर. तेव्हा निसर्गाला दोष देऊन चालणार नाही. मात्र तेथे जवळच एक शहर होते. पुगाजवळ शहर नाही.

धडा एका गळतीचा

६ फेब्रुवारी २०२१ रोजी लडाख प्रशासन, लेहची पर्वतीय विकास परिषद आणि ओएनजीसी यांच्यात करार झाला. पहिल्या टप्प्यात पाचशे मीटरपर्यंत विहिरी आणि एक मेगावॅटचे प्रायोगिक केंद्र, असा बेत ठरला. ऑगस्ट २०२२ मध्ये खोदकाम चालू असताना जमिनीखालचे गरम पाणी जोराने बाहेर पडून पुगा नाल्यात वाहू लागले. हा नाला पुढे सिंधूला मिळतो. प्रशासनाने काम थांबवायला लावले.

पुगाच्या पाण्यात बोरॉन भरपूर असतो आणि त्याचे प्रमाण वाढले की तो पिकांना बाधतो. या खोऱ्यातील ओल्या कुरणांत काळ्या मानेचे क्रौंच येतात. पश्मीना शेळ्या पाळणारे चांगपा पशुपालक आपले कळप याच परिसरात चारतात. म्हणून वापरलेले पाणी पुन्हा जमिनीखाली सोडणे ही येथे पहिलीच अट असली पाहिजे. त्याने नाला वाचतो आणि भूगर्भातला साठाही टिकतो.

यासाठी योग्य तंत्र उपलब्ध आहे. गरम पाण्याच्या उष्णतेने पेंटेनसारखा कमी तापमानाला उकळणारा द्रव तापवायचा, त्याच्या वाफेवर टर्बाइन फिरवायचे आणि पाणी बंद नळीतूनच परत खाली पाठवायचे. लडाखची थंडी येथे उपयोगी पडते, कारण गरम पाणी आणि बाहेरची हवा यांच्या तापमानात जितके अंतर, तितकी वीज अधिक.

आधी ऊब, मग वीज

तरीही एक साधे गणित विसरता येत नाही. एवढ्या तापमानाच्या पाण्यातील शंभर भाग उष्णतेपैकी वीज होते ती साधारण दहा भागांची. घर तापवायला मात्र तीच उष्णता जवळजवळ थेट वापरता येते. जिऑलॉजिकल सर्व्हेच्या काळातच पुगात गरम पाण्यावर झोपड्या उबदार ठेवण्याचे आणि हरितगृहात भाजी पिकवण्याचे प्रयोग झाले होते. आईसलँडमध्ये नेस्याव्हेट्लिरचे गरम पाणी २७ किलोमीटर लांब नळातून रेक्याविकच्या घरांत पोहोचते.

पुगात भटक्या पशुपालकांच्या मुलांसाठी निवासी शाळा आहे. तिचे वर्ग, शेजारच्या सुमदो वस्तीतील घरे, दोन-चार हरितगृहे आणि शेळ्यांच्या वीणीच्या दिवसांसाठी उबदार गोठे, एवढे जरी या पाण्यावर चालले तरी खोऱ्याला आपल्या झऱ्यांचा पहिला लाभ मिळेल. २०१३ च्या हिवाळ्यातील बर्फवृष्टीत चांगथांगमध्ये हजारो करडे दगावली होती. ज्याने ती पाहिली, त्याला अशा गोठ्याचे मोल सांगावे लागणार नाही.

चांगथांगवर १३,००० मेगावॅटच्या नवीकरणीय ऊर्जेची योजना आखली गेली आहे. त्या आकड्यापुढे पुगा किरकोळ ठरेल. पण सूर्य मावळल्यावर आणि ओढे गोठल्यावर चालू राहील ती पुगाचीच चूल. सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्र सरकारने भूऔष्णिक ऊर्जेचे राष्ट्रीय धोरण जाहीर केले, आणि त्यात विजेबरोबर उष्णतेच्या थेट वापरालाही स्थान आहे. त्याची पारख दिल्लीतील मेगावॅटच्या तक्त्यात होणार नाही. पुगाच्या शाळेतील मुलांचे हात जानेवारीत पाटीवर सहज फिरतात का, यावरून ती होईल.