गर्भिणीचे उमासे

गर्भिणीच्या डोहाळ्यांचें आपण कौतुक करतों, पण तिच्या उमाशांना 'नखरे' म्हणून मोकळे होतों. हा अन्याय आहे. गर्भाकडून मातेच्या रक्तांत येणारें जीडीएफ-१५ हें संप्रेरक या मळमळीचें एक प्रमुख कारण असल्याचें केंब्रिजचे स्टीफन ओ'राहिली प्रभृति संशोधकांनीं २०२३ सालीं दाखविलें. जिच्या अंगीं तें गर्भधारणेपूर्वीं अल्प असतें, तिला त्रास अधिक. मनाचा दुबळेपणा येथें येतोच कोठें?

त्रास बहुधा सहाव्या आठवड्याच्या सुमारास सुरू होऊन १६ ते २० आठवड्यांत ओसरतो. रिकाम्या पोटीं तो बळावतो. म्हणून उशाशीं साळीच्या लाह्या ठेवाव्या, मूठभर चघळून मगच अंथरूण सोडावें. दिवसभर थोडें थोडें खावें; आल्यानेंही पुष्कळींना आराम पडतो. फोडणीच्या वासानें ढवळत असेल तर स्वयंपाक इतरांनीं करावा. पुरुषानें लाटलेली पोळीही फुगते!

परंतु पाणीही पोटांत ठरेना, लघवी थोडी व गडद होऊं लागली, वजन घटूं लागलें, तर घरगुती उपायांत वेळ न दवडितां त्याच दिवशीं डॉक्टरांकडे न्यावें. स्वतःच्या मनानें औषध देऊं नये. १९५७ सालीं जर्मनींत विक्रीस आलेलें थॅलिडोमाइड मळमळीवर सर्रास दिलें गेलें. १९६१ च्या अखेरीस तेथें तें मागें घेतलें जाईपर्यंत हजारों अर्भकांचे हातपाय खुंटले होते. डॉक्टरांनीं दिलेलीं आजचीं पारखलेलीं औषधें घेण्यास मात्र भिऊं नये.